नऊ सतराला मामी

परवा रात्री एका काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर पट्टीनं अधोरेखित केलेला मथळा : 'शूटिंगवाल्याच्या चुका'. डाव्या समासात वेळा, उजवीकडं शेरे. अक्षर मात्र सुरेख.

लग्न कराडचं. हे काका म्हणजे नवरीच्या आत्याचे यजमान. माझा व्यवहार नवरीशी आणि तिच्या वडिलांशी, म्हणजे भाऊंशी. पण व्हिडिओ हातात पडला की प्रत्येक घर एक जाणकार नेमतं. 'त्यांना त्यातलं कळतं,' एवढीच त्याची पात्रता. हे काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत.

पहिली नोंद : '९:१७ — मामी. काढणे.' नऊ मिनिटं सतरा सेकंदांवर गेलो, तर रुखवत. पापडांची आरास आणि लोकरीचा ससा. मामी नाहीच. पुढची नोंद : '९:४१ — ही बाई कोण?' तिथं तोच ससा, दुसऱ्या बाजूनं. सव्वा तासाचा व्हिडिओ आणि सगळ्या चुका नऊ ते पावणेअकराच्या मध्येच कशा, हे काही उलगडेना. फोन लावला.

"काका, नऊ सतराला रुखवत आहे हो."

"नाही. नऊ सतराला मामी. मी स्वतः घड्याळ बघून लिहिलंय."

"कुठलं घड्याळ?"

"भिंतीवरचं. मिनिटाचा फरक नाही त्यात."

काय बोलणार? उभी हयात कंट्रोल केबिनमध्ये बसून गाड्यांच्या वेळा टिपलेला माणूस. त्यांच्या लेखी मामी नऊ सतराला फलाटाला लागली, विषय संपला.

"बरं, व्हिडिओ किती वाजता सुरू केलात?"

"जेवण झाल्यावर."

"म्हणजे साधारण?"

"आठला पान घेतो मी. त्या दिवशी हिनं थालीपिठं लावली होती, त्यामुळं जरा लेट झालो."

"मग सलग बघितलात?"

"सलग कसला! मध्ये लाइट गेली."

"किती वेळ?"

"ते वायरमनला विचारा."

"आल्यावर पुढं कुठून सुरू केलंत?"

"ही म्हणाली, इथंच होतो. मी म्हटलं, नव्हतो. मग पहिल्यापासून लावलं."

मी कागद घेऊन थालीपिठं, वायरमन आणि काकूंची स्मरणशक्ती यांचा हिशेब मांडला. शेवटी नाद सोडला आणि अख्खा व्हिडिओ मामी शोधत बघितला. मामी सापडली. मंगलाष्टकं चालू आहेत, मामा भाचीच्या पाठीशी उभे, मामी त्यांच्या खांद्याला खांदा लावून. मानपानाच्या साडीवरून लग्नानंतर बिनसलंय म्हणे.

"मोबाइलवर बोट फिरवलं की माणूस जातो," काका म्हणाले. "आमच्या नातवानं दाखवलं."

फोटोतून जातो. व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम असतात. मामी चाळीस सेकंद उभी असली तर हजार फोटोंतून तिला उठवायची, आणि तिच्या जागी मागचा पडदा, फुलं, मामांचा अर्धा दंड नव्यानं तयार करायचा. वर अक्षता उडताहेत, त्या वेगळ्या. हे सगळं सांगितलं. त्यावर, "बघा, जमेल तसं."

पुढची नोंद : 'माझी एन्ट्री स्लो मोशनमध्ये घेणे.' स्लो मोशनसाठी 50 फ्रेमनं टिपून 25 नं दाखवावं लागतं. काका फेटा सावरत आले तेव्हा कॅमेरा 25 वर होता. मधल्या फ्रेम आणू कुठून? कॉम्प्युटरला अंदाजानं बनवायला सांगितल्या, तर त्यानं फेट्याचा शेमला काकांच्या कानाला चिकटवला.

'मुलगी जरा उजळ करणे' हेही होतं. हा शेरा प्रत्येक लग्नात येतो आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. मुलगी छान सावळी आहे, हसताना गोड दिसते, तिची स्वतःची काही तक्रार नाही. चेहरा उजळवला की मुंडावळ्यांचे मोती पांढरे फटक होतात, दाण्याला दाणा ओळखू येत नाही. आणि ज्यांच्या टीव्हीवर 'व्हिव्हिड' मोड चालू आहे, त्यांना ती पुन्हा केशरीच दिसणार. अनेक टीव्ही दुकानात झगमगाट दिसावा म्हणून त्या मोडवर ठेवतात, घरी कोणी बदलत नाही, आणि रंगाचं खापर माझ्यावर.

आचाऱ्याला बरं असतं. मठ्ठ्यात मीठ जास्त झालं म्हणून महिन्यानंतर त्याला कोणी परत भट्टी लावायला लावत नाही. माझ्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय : दोन वेळा बदल मोफत, पुढं जादा आकार. ती ओळ आजवर एकाही यजमानानं वाचलेली नाही. 'बसल्या जागी करायचंय, त्याचे कसले पैसे?' बसल्या जागीच करतो. पाठीचं दुखणंही तिथलंच. एक शॉट हलवला तरी गाणं सरकतं, सनईची सम चुकते, आणि सगळी फाइल पुन्हा एक्सपोर्टला लावून भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत पंखा बघत बसायचं.

'ही बाई कोण?' त्याचं उत्तर मिळालं. पंगतीत जिलबी खाताना दिसणाऱ्या त्या बाईंना काकांच्या आग्रहावरून कापल्या, तर नवरदेवाकडून फोन. सख्खी आत्या. परत बसवल्या.

मामीचं शेवटी नवरीलाच विचारलं. ती घाबरून म्हणाली, "अजिबात काढू नका, माझी लाडकी मामी आहे ती. पण मी सांगितलं असं काकांना कळू देऊ नका."

आता राहिले बाकीचे पैसे. काकांकडं विषय काढला, तर म्हणाले, "पैशातलं आपल्याला काही कळत नाही, भाऊंशी बोला." भाऊ म्हणाले, "काकांनी ओके दिलं की त्याच दिवशी पाठवतो." परत काकांना फोन केला.

"ओके कसं देऊ?" काका म्हणाले. "मामी अजून तिथंच उभी आहे."