अंश कोल्हापुरात, छेद बेळगावात

कोरोनाकाळातल्या अँटीबॉडी चाचण्यांचे आकडे पुढे करून 'हा आजार तेवढा जीवघेणा नव्हताच' असे सांगणारे संदेश आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या व्हॉट्सॲप गटांवर अजूनही फिरताना दिसतात. त्यामागचे तत्त्व मला मान्य आहे. लागण झालेल्या बहुतेकांची स्वॅब तपासणी कधी झालीच नाही. मृत्यूंच्या संख्येला (अंश) लागण झालेल्यांच्या संख्येने (छेद) भागले की मृत्युदर निघतो. पुढे रक्तातल्या अँटीबॉडीच्या तपासणीतून त्यांचा अंदाज आला, छेद वाढला आणि मृत्युदर उतरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पहिल्या देशव्यापी सर्वेक्षणात, मे-जून २०२० मध्ये, प्रौढांत अँटीबॉडीचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले. तेवढ्यावरूनही त्यावेळी झालेल्या संसर्गांचा अंदाज लाखांत गेला, आणि नोंदलेले रुग्ण त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. माझा आक्षेप आहे तो छेद आणि अंश हे दोन्ही न तपासता उत्तर जाहीर करण्याला.

आधी छेद घेऊ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केलेली 'कोविड कवच' चाचणी लागण होऊन गेलेल्या शंभरांपैकी सुमारे ९२ जणांना ओळखत असे आणि लागण न झालेल्या शंभरांपैकी ९८ जणांना बरोबर वगळत असे. समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या हजार वस्तीच्या एखाद्या गावात खरी लागण फक्त दहा जणांना झाली होती. चाचणी त्यांतले नऊ पकडेल. परंतु उरलेल्या ९९० जणांपैकी वीसएक जणांनाही ती चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवेल. दहाच्या जागी एकोणतीस मोजले गेले, की विषाणू होता त्याच्या एक तृतीयांशच घातक भासतो. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यात एप्रिल २०२० मध्ये ३,३३० जणांपैकी ५० जण पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा त्यांतले खरे किती यावरूनच मोठा वाद झाला. आयसीएमआरने पहिल्या फेरीतले पॉझिटिव्ह नमुने दुसऱ्या किटवर पुन्हा तपासले, ते याच कारणाने. साथ पसरून निम्मे गाव बाधित झाले की ही चूक नगण्य होते, हेही सांगितले पाहिजे. मात्र तोवर जुन्या रुग्णांच्या अँटीबॉडी ओसरू लागतात आणि चूक उलट दिशेने होऊ लागते.

शिवाय सर्वांसाठी एकच मृत्युदर सांगण्यात फारसा अर्थ नाही. विविध देशांतील सर्वेक्षणे एकत्र करून काढलेल्या एका अंदाजानुसार पंचविशीत तो ०.०१ टक्के, तर पंचाहत्तरीत ४.६ टक्के होता. ज्या गावातली तरणी पोरे पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला आहेत आणि घरी म्हातारी माणसेच राहिली आहेत, त्या गावाला मुंबईच्या झोपडपट्टीतला दर लावणे हा निव्वळ आळस आहे.

अंशाची गोष्ट मात्र खास आपली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जिथे घडतो, तिथेच त्याची नोंद होते. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडीकडचा रुग्ण गंभीर झाला की घरचे त्याला कोल्हापूर किंवा मिरजेला हलवतात. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोरोना तपासणीचे रिपोर्ट मागितले जात होते तेव्हाही ही वाट पूर्ण बंद झाली नव्हती. असा माणूस तिथे दगावला, तर मृत्यूची नोंद महाराष्ट्रात आणि त्याच्या गावात झालेली लागण कर्नाटकच्या हिशेबात. महाराष्ट्राच्या दैनिक पत्रकात जिल्ह्यांच्या खाली 'इतर राज्ये' अशी एक ओळ असे, पण त्या ओळीवरून गाव कळत नाही. घरीच दगावलेल्यांचे तर विचारूच नका. २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीच्या अपेक्षेपेक्षा सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज केंद्र सरकारने फेटाळला, आणि त्याच्या पद्धतीवर वाद जरूर व्हावा. परंतु कोरोना मृत्यूंचा अधिकृत ४.८ लाखांचा आकडा हाच पूर्ण अंश मानून काढलेला दर मला तरी स्वीकारता येत नाही.

आपल्यापुरता हा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे. मृत्यूच्या नोंदीत मृताचा कायमचा पत्ताही लिहिलेला असतो. बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या तीन जिल्हा प्रशासनांनी ठरवले, तर २०१८ ते २०२१ या चार वर्षांच्या नोंदींतून सीमेच्या कर्नाटकाकडच्या गावांचे पत्ते वेगळे काढून, व्यक्तींची नावे गुप्त ठेवून, गाववार आणि वयोगटवार आकडे प्रसिद्ध करता येतील. त्यासाठी सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.