चेंडू सोडा की हो!

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे चेंडू फेकायची मुदत, ३० सेकंदांची. सात-आठ सेकंद चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे आणण्यात जातात, पुढचे बारा सेकंद पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा खेळाडू, जागच्या जागी ड्रिबल करतो (चेंडू आपटत राहतो), आणि बाकीचे चौघे बघत उभे! मग एक घाईची स्क्रीन (साथीदारानं बचावपटूची वाट अडवणं), समोरचे दोघे त्याच्यावर धावतात आणि कोपऱ्यातल्या शूटरला कसाबसा पास. त्या पोराचा हात पाच मिनिटं चेंडूला लागलेला नसतो, नेम लागणार कुठून? बचावासाठी परत धावायला तरी उत्साह कुठून आणायचा त्यानं?

वर सगळा खेळ एका गार्डच्या हाती द्या म्हणणारे आकडे तोंडावर फेकतात. अहो, २०१७-१८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचा गार्ड ट्रे यंग गुण आणि असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) दोन्हींत देशात पहिला होता. संघ? १४ विजय-२ पराभवांवरून १८-१४, आणि एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर. २०११ मध्ये गार्ड केम्बा वॉकरनं कनेक्टिकट विद्यापीठाला विजेतेपद दिलं, मान्य. पण त्या संघाचा बचाव आणि रिबाउंडिंगही (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) भक्कम होतं, ते कुणी सांगत नाही.

क्लॉकवर २० सेकंद असतानाच पहिला पास द्या. चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा, मग खुशाल गार्डला परत द्या. तोवर बचाव हललेला असतो, दुसरा बचावपटू उशिरा पोचतो.