आडवा पाटा

मिशिगनमधल्या मराठी घरांच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. तांदळाच्या गोण्या, मंडळाच्या गणपतीचं मखर, लेझमांचे खोके, भारतात न्यायच्या बॅगा. आमच्याकडे या सगळ्याच्या मधोमध गाडीही आहे. म्हणजे तिची चौकट आहे, घोड्यांवर ठेवलेली. १९३२च्या फोर्डच्या धर्तीचा हॉट रॉड, म्हणजे जुन्या वळणाची जोरकस गाडी, बांधायची हौस माझी. ऑफिसात मी सस्पेन्शनचं काम करतो, अर्थात सस्पेन्शनच्या मीटिंगांना बसतो. त्यामुळे घरच्यांनाही वाटलं, याला जमेल.

कागदावर पुढचं अंग अगदी सोपं. टोकं वर वळवलेला अ‍ॅक्सल, त्यामुळे गाडीचं नाक चार इंच खाली बसतं. त्यावर आडवा पाटा, म्हणजे कमानीसारख्या पोलादी पाट्यांची, मधल्या बोल्टने एकत्र बांधलेली स्प्रिंग. दोन टोकांना किंगपिन नावाच्या उभ्या पिना, त्यावर फिरणारे, चाकं धरणारे स्पिंडल. झालं.

पाटा अ‍ॅक्सलला शॅकलने, म्हणजे हलत्या कडीने, जोडायचा असतो. तो दोन्हीकडे दोन-दोन बोटं कमी पडला. कारण इंजिनाचं वजन पडल्याशिवाय पाटा सरळ होत नाही, आणि सरळ झाल्याशिवाय त्याची टोकं शॅकलपर्यंत पोचत नाहीत. इंजिन ठेवायचं तर चौकट चाकांवर हवी. चाकांना स्पिंडल हवेत, स्पिंडलना अ‍ॅक्सल, आणि अ‍ॅक्सल चौकटीखाली धरतो तो हाच पाटा. तहसील कचेरीत दाखल्यासाठी रेशनकार्ड मागतात आणि रेशनकार्डासाठी दाखला, त्यातला प्रकार. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिने त्यातलं एकच ऐकलं. “इंजिनपण घरात येणार आहे?”

अण्णा तेव्हा आमच्याकडे आलेले होते. सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला. इथे बर्फ, टीव्ही आणि सुनेचा ग्रीन टी यांना कंटाळून ते स्वेटर, कानटोपी, वर माझं जाकीट अशा थाटात गराजमध्ये उतरले.

“एवढ्या गाडीला एकच पाटा? तोही आडवा?”

मी माहिती पुरवली. हेन्री फोर्डने १९०८च्या मॉडेल टीला घातलेला आडवा पाटा कंपनीने पार १९४८पर्यंत सोडला नाही. हायड्रॉलिक ब्रेकसुद्धा १९३९ला आले.

“हट्टी दिसतोय,” अण्णा म्हणाले. एवढा आदर त्यांनी मला कधी दाखवलेला नाही. मग म्हणाले, “मधला बोल्ट सोड. बाकीचे पाटे बाजूला ठेव, एकटा मोठा पाटा बसव.”

एकटा पाटा हाताने दाबला तर लवतो. शॅकल बसले. माझ्या लॅपटॉपवर याच विषयाची जी फाइल उघडी होती, ती मी हळूच मिटली.

किंगपिनला मात्र अण्णांनी मला हातच लावू दिला नाही. बूश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची नळी, रीमरने आतून थोडं थोडं घासायचं, पिन घालून बघायची, काढायची, पुन्हा घासायचं. “सैल झाली तर चाक हालेल, घट्ट झाली तर स्टिअरिंग वळणार नाही.” बेअरिंग अ‍ॅक्सलच्या खालच्या अंगाला, कारण भार तिथे येतो. शेवटी त्यांनी स्पिंडलला एका बोटाने ढकललं. तो थोडा अडत, पण न खडखडता वळला. अण्णांनी ते बोट माझ्या जाकिटाला पुसलं.

मग टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवणं. कागदावर एक अष्टमांश इंच लिहिलेलं. मी मोबाइलवर मिलिमीटर करत होतो.

“एक सूत,” अण्णांनी तेच माप आपल्या भाषेत सांगितलं आणि खडू-सुतळी घेऊन खाली बसले.

रविवारी संध्याकाळी सगळं जागेवर होतं. टाय रॉड, रेडियस रॉड, नटांना स्प्लिट पिना. सुनेने फोटो काढला, अण्णांनी कानटोपी काढून पोज दिली. तेव्हा मी सांगितलं की आता हे सगळं सोडायचं. जुळतंय का ते बघायलाच जोडलं होतं. रंग द्यायचा आहे, मग परत जोडायचं.

अण्णा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी सांगलीला डेपोतल्या मित्राला फोन लावला.

“हो, बरंय पोराचं. गाडी जोडतो आणि सोडतो. नाही नाही, पगार वेगळ्या कामाचा मिळतो.”