कणकुंबी अधिक अथणी भागिले दोन

बेळगाव जिल्ह्यातली घरं घाऊक भावात वीजबचतीची करून द्यायची योजना तुमच्या गळ्यात पडली असेल, तर आधी अभिनंदन. आणि पहिली सूचना: घरं बघायला जाऊ नका. बघितली की ती वेगवेगळी दिसायला लागतात आणि टेंडर लांबतं.

त्यापेक्षा सरासरी काढा. कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचं ऊन एकत्र करून दोनानं भागलं की हवामान कसं बेताचं निघतं. मग सगळ्यांना एकच औषध: छपरावर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या कूल-रूफ रंगाचे दोन हात. अथणीच्या उघड्या स्लॅबला त्याचा खरोखर गुण येतो. म्हणूनच तो खानापूरच्या मंगळुरी कौलांवरही मारा. तिथं कौलांच्या फटींतून वारा खेळतो, खाली माळा असतो आणि घरच्यांना उकाड्यापेक्षा फुटक्या कौलाची काळजी जास्त असते. हे सगळं ‘छपराचा प्रकार’ या एका रकान्यात कळलं असतं, तेव्हा तो रकानाच काढा. ‘पक्कं की कच्चं’ एवढं बास. जांभ्याच्या भिंतीवर पत्रे असतील तर ते घर कशात धरायचं, यावर सर्वेक्षक भांडतील. भांडू देत की.

रंगाचा मुहूर्त जूनचा धरा. ओल्या स्लॅबवर फुगे धरतात, शेवाळ न खरवडता मारलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो, न भरलेल्या भेगा गळतच राहतात. नाव मात्र रंगाचं खराब होतं. पावसाळ्यात काळवंडलेला रंग उन्हाळ्याआधी घासून धुवायचा असतो, हेही कुणाला सांगू नका.

आता वीज. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर जोडणीचा आरआर नंबर असतो, पंचायतीच्या ई-स्वत्तू उताऱ्यावर मालमत्तेचा वेगळा. दोन्ही एका ओळीत लिहिले, तर कुठल्या छपराखाली किती युनिट जळतात हे कळेल आणि कामाला लागावं लागेल. म्हणून जुळणी नावावरूनच करा. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, घर काकांच्या, राहतो पुतण्या. शिवाय कन्नडातलं नाव मराठीत उतरताना निराळंच होतं. वाटणी झालेल्या एका घरात दोन मीटर, तर एका मीटरवर तीन भाडेकरू. नावावर विसंबलात की गावातले सगळे पाटील एकाच घरात राहायला येतात.

गृहज्योती या कर्नाटकाच्या मोफत वीज योजनेचं शून्य बिल आलं की कागद टाकून द्या. त्यावर युनिट छापलेले असतात, आणि बारा महिन्यांचे युनिट शेजारी शेजारी मांडले तर घर बोलायला लागतं: एप्रिल-मे फुगले तर पंखे, कूलर, एसी, जुलै आणि डिसेंबर फुगले तर बहुधा गीझर. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, लावला, तर रोज दहा तासांना महिन्याचे साडेतेरा युनिट वाचतात. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास कमी चालला, तर तीस. पण वाटपाच्या फोटोत पंखा शोभून दिसतो. पंखेच वाटा.

ज्या घरात अजून बंब पेटतो, तिथले युनिट सगळ्यात कमी निघतील. त्या घराला ‘सर्वाधिक ऊर्जाकार्यक्षम’ असं प्रमाणपत्र द्या. घ्यायला आजी येतील, डोळे चोळत. फोटोपुरता तेवढा धूर बाजूला सारा.