दहा घरटी म्हणजे दहा जोड्या? शेकरूबद्दलच्या पोस्टला उत्तर

कोकणातल्या गावांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे: शेकरू आता फक्त भीमाशंकरला उरलंय, ते उडतं (सोबत व्हिडिओही), रानात दहा घरटी दिसली की दहा जोड्या समजा, आणि खाली पडलेलं पिल्लू मिळालं तर गाईचं दूध पाजून वाढवा.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये शेकरूसाठी झालं, इतकं बरोबर. पण शेकरू सह्याद्रीत इतरत्र आहे, सातपुड्यात आहे, पूर्व घाटातही आहे. मुरूडजवळच्या फणसाडला तर ते समुद्रापासून फार लांब नसलेल्या रानात दिसतं.

उडण्याचा व्हिडिओ रात्रीचा, टॉर्चच्या उजेडातला आहे. त्या वेळी शेकरू झोपलेलं असतं. व्हिडिओतली आहे उडती खार. तिच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो आणि ती उंचावरून तरंगत खाली येते. शेकरूला पडदा नाही. ते झेप घेतं, साधारण सहा मीटरपर्यंत.

घरट्यांचा हिशेब मात्र घातक आहे, कारण ‘भरपूर आहेत’ म्हणत मालकीच्या रानात तोड सुरू होते. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधतं. एखाद्यात पिल्लं, बाकीची झोपायला. जुनी तशीच लटकत राहतात. कावळ्याचं घरटं वरून उघडं, वाटीसारखं. शेकरूचं गोल, झाकलेलं. हिरवी पानं असतील तर बांधकाम ताजं. तपकिरी पानांवरून मात्र रिकामं ठरवू नका, तोडलेली डहाळी काही दिवसांतच सुकते. तोडीआधी सकाळी आणि उन्हं कलल्यावर लांबून पाहा, कोण आत-बाहेर करतंय ते. भर दुपारी पाहून उपयोग नाही, तेव्हा ते विश्रांती घेतं.

घरट्याचं झाड राखलं आणि भोवतालची तोडली, तरी काम बिघडतंच. शेकरू फांद्यांवरून फिरतं, जमिनीवर क्वचित येतं. दोन शेंड्यांमधलं अंतर झेपेपलीकडे गेलं की त्याला खाली उतरावं लागतं, आणि खाली कुत्री असतात. म्हणून शेंडे भिडलेली झाडांची एक सलग रांग तरी ठेवा. (उडत्या खारीसाठी वाळकं, पोकळ खोड राखावं, ती ढोलीत राहते. नेमकं तेच आधी सरपणाला जातं.)

आता दूध. गाईचं दूध पिल्लाला पचत नाही, हगवण लागते. ड्रॉपरने घाईत पाजलं तर फुप्फुसात जातं. गारठलेल्या पिल्लाला काहीच पाजू नये, आधी ऊब. भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापड घाला. टॉवेल नको, नखं अडकतात. एका कडेला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. पिल्लू जखमी नसेल तर खोकं त्याच झाडाला बांधा, झाकण उघडं ठेवा, कुत्री बांधा आणि लांब व्हा. आई आली तर दिवसाउजेडीच येईल. म्हणून अंधार पडेपर्यंत वाट पाहू नका. जखम असेल तर लगेच, नाहीतर संध्याकाळपूर्वी वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. घरी वाढवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, पोस्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.