“एकही पार्ट बदलला नाही, मग पैसे कशाचे?” – तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा, आणि तक्रार थोडक्यात अशी: नवीन प्रोसेसर बसवल्यावर डिस्प्ले येईना म्हणून मशीन आमच्याकडे दिलं. आम्ही एकही पार्ट बदलला नाही, फक्त बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केला, मॉनिटरची केबल दुसरीकडे लावली आणि पैसे घेतले. हे तर घरीही झालं असतं, आणि एवढ्याशा कामासाठी मशीन ठेवून कशाला घेतलं?

पार्ट बदलला नाही हे खरं आहे. बदलायची गरजच नव्हती. पण तुम्ही मशीन घेऊन आलात तेव्हा तुमचं म्हणणं वेगळं होतं, ते रिव्ह्यूत राहून गेलंय. त्याआधी एका ठिकाणी तुम्हाला मदरबोर्ड गेला असं सांगितलं होतं. जुना प्रोसेसर परत लावूनही स्क्रीन काळीच राहिली, त्यामुळे तुम्हालाही ते पटलं होतं. “नव्या प्रोसेसरने बोर्ड जाळला” हे तुमचेच शब्द. तुम्ही आमच्याकडे नवा बोर्ड टाकून घ्यायला आला होतात. आम्ही तो विकला नाही.

आता नेमकं काय झालं होतं ते सांगतो. काउंटरवर सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही घाईत होतात.

तुमचा बोर्ड बी४५० चिपसेटचा. हे बोर्ड २०१८ मध्ये आले. तुम्ही घेतलेला रायझन ५ ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, दोघांचं एकच, एएम४, त्यामुळे प्रोसेसर जागेवर छान बसतो. पण बोर्डवरचा बायोस जुना असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. मग होतं काय, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पुढे काहीच होत नाही. पंखे फिरतायत म्हणजे मशीन चालू आहे, हा समज इतका पक्का आहे की तो खोडून काढायलाच आमचा निम्मा वेळ जातो. पंख्याला फक्त वीज लागते. प्रोसेसरने एक तरी आज्ञा वाचली का, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं बोर्डच्या कडेला असलेल्या चार बारीक दिव्यांवरून: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (सिस्टिम सुरू होणं). ज्या टप्प्यावर गाडी अडते तो दिवा लागून राहतो. नवा प्रोसेसर लावला की तुमच्या बोर्डवर पहिलाच दिवा अडकत होता. रॅमची, कार्डची, मॉनिटरची पाळी यायच्या आधीच.

तुम्ही लिहिलंय की बॅटरी काढून लावली, रॅम खोडरबरने पुसली, तरी उपयोग झाला नाही. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण वेगळ्या दुखण्यावरचे. बॅटरी काढली की बायोसमधली सेटिंग्ज पुसली जातात. बायोसची आवृत्ती आहे तीच राहते. २०१८ चा बायोस बॅटरी काढल्यावरही २०१८ चाच. रॅमचं म्हणाल तर संपर्काच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तेव्हा खोडरबर कामाला येतं. तुमच्या स्वच्छ होत्या.

बायोस अपडेट इंटरनेटवरून फुकट उतरवता येतो, हेही बरोबर. अडचण पुढची आहे. तो बोर्डमध्ये घालायला मशीन चालू व्हावं लागतं, आणि मशीन चालू व्हायला तोच अपडेट हवा असतो. काही बोर्डना फ्लॅशबॅकचं बटण असतं, तिथे प्रोसेसरशिवायही पेनड्राइव्हवरून काम होतं. तुमच्या बोर्डला ते नाही. म्हणून आम्ही अशाच कामासाठी ठेवलेला जुना एएम४ प्रोसेसर लावला, बोर्ड धडधाकट आहे याची खात्री केली आणि मग यूपीएसवर अपडेट केला. मध्येच वीज गेली असती तर बोर्ड खरोखरच गेला असता.

हे सगळं तुमच्या जुन्या रायझन ३ २२००जी वर घरी झालं असतं, पण तो काढायच्या आधी. बायोस आधी, प्रोसेसर नंतर. क्रम उलटा झाला आणि त्यातच जुना प्रोसेसरही दुखावला.

तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे: जुना प्रोसेसर परत लावला तरी डिस्प्ले का नाही? एएम४ मध्ये पिना सॉकेटला नसतात, प्रोसेसरला असतात, आणि त्याला वरून धरून ठेवणारी चौकट नसते. कूलरखालची पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून घट्ट होते. कूलर सरळ वर ओढला की त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, पिना पकडून ठेवणारा सॉकेटचा दांडा बंद असतानाच. तुमचं तसंच झालं होतं. कोपऱ्यातल्या काही पिना वाकल्या होत्या. नंतर तुम्ही तो परत बसवलात तेव्हा एका कडेने किंचित वर राहिला. वर कूलर असल्यामुळे ते दिसत नव्हतं. आम्ही भिंगाखाली त्या पिना सरळ केल्या. एकही तुटली नाही. प्रोसेसर चालतोय, तुम्हाला दिलेल्या डबीत तोच आहे. हे कामही बिलात लिहिलेलं आहे, रिव्ह्यूत नाही. (पुढच्या वेळी कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीउजवीकडे हलके फिरवत सोडवा.)

केबलचं शेवटी. २२००जी मध्ये ग्राफिक्स आहे, म्हणून तुमची एचडीएमआय केबल इतकी वर्षं बोर्डच्या पोर्टमध्ये लावून चालत होती. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. तुम्ही कार्ड बसवलंत, त्याला एसएमपीएसची (मशीनला वीज देणाऱ्या डब्याची) वायरही नीट जोडलीत, पण मॉनिटरची केबल जुन्याच पोर्टमध्ये राहिली. या प्रोसेसरबरोबर त्या पोर्टमधून काहीही येणार नाही. म्हणजे समजा बायोस घरी अपडेट झाला असता, तरी तुम्हाला काळीच स्क्रीन दिसली असती आणि तुम्ही तो अपडेटच फसला असं धरून चालला असता. तीन कारणं एकावर एक बसली होती, आणि तिघांचं लक्षण एकच. एकेक काढून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. आम्ही पैसे घेतले ते या शोधाचे. केबल हलवायला एक सेकंद लागला, यात वाद नाही.

मशीन ठेवून घेतलं ते डिस्प्ले आल्यानंतरच्या तपासणीसाठी. प्रोसेसर जोराने उपटला गेला की सॉकेटवरही ताण येतो. कधी कधी रॅमचा एक चॅनेल (रॅमकडे जाणारा एक मार्ग) गायब होतो, किंवा मशीन सुरू होतं आणि लोड आला की बंद पडतं. म्हणून मेमरी टेस्ट रात्रभर चालू ठेवली. ती घाईने उरकून मशीन तुमच्या हातात दिलं असतं आणि आठवड्याने पुन्हा काळी स्क्रीन दिसली असती, तर तो एक तारा मी निमूट घेतला असता.

हा रिव्ह्यू अशाच काळ्या स्क्रीनसमोर बसून कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं. शेवटी जे बदललं, संशय आधी त्याच्यावर आणि ते बदलताना ज्याला हात लागला त्याच्यावर घ्या. रॅम पूर्ण दाबली गेली का, दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. प्रोसेसरची पॉवर वायर आणि ग्राफिक्स कार्डची वायर दिसायला सारखी असली तरी वेगळी आहे, दामटून बसवू नका. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) चं नवं मशीन पहिल्यांदा चालू करताना रॅम ट्रेनिंगला, म्हणजे रॅमशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते, आणि याच वेळात घाबरून बटण दाबणारे खूप आहेत. तरीही डिस्प्ले आला नाही तर एक रॅम आणि प्रोसेसर एवढंच ठेवून सुरुवात करा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही ठेवा. एका वेळी दोन गोष्टी बदलू नका.

तुमच्या बिलामागे तपासणीच्या नोंदी आहेत: कोणता प्रोसेसर लावल्यावर कोणता दिवा अडकला, अपडेटआधीची आणि नंतरची बायोस आवृत्ती, मेमरी टेस्टचा निकाल. पटत नसेल तर मशीन घेऊन या, तुमच्यासमोर टेबलावर उघडून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. फक्त पिना सरळ केल्या ते आणि बोर्ड वाचला ते त्यात जोडलंत तर वाचणाऱ्याला पूर्ण गोष्ट कळेल.

आणि एक, जे तुमच्या उपयोगाचं आहे. बायोस अपडेटनंतर रॅमचा वेग मूळ, कमी आकड्यावर जातो. आम्ही एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू करून तो ३२०० वर ठेवलाय. तुम्ही पुन्हा बॅटरी काढलीत तर ते सेटिंग पुसलं जाईल. मशीन मंद वाटलं तर आधी तिथे बघा.