परवानगी ६०० असली की पासफ्रेज नको?

एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीने) सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वरचेवर फिरत असतो. खासगी किल्लीच्या (लॉगिनसाठी आपली ओळख पटवणाऱ्या गुप्त माहितीच्या) फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवली की पुरे, पासफ्रेज (ती किल्ली उघडणारा गुप्त शब्दसमूह) दर वेळी टाइप करावा लागतो, त्यामुळे क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) कामे अडतात आणि संगणकात शिरलेल्या चोरापुढे तो तसाही निरुपयोगी ठरतो, असे त्यात म्हटलेले असते.

६०० चा अंमल चालू यंत्राच्या कर्नेलपुरताच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापुरताच) असतो. तीच फाइल बॅकअपच्या डिस्कवर गेली, चोरीस गेलेल्या लॅपटॉपची कूटबद्ध नसलेली डिस्क दुसरीकडे जोडली गेली किंवा इतर डॉटफाइल्सबरोबर (टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फाइल्सबरोबर) ती किल्ली गिटमध्ये (फाइल्सच्या आवृत्त्या साठवणाऱ्या प्रणालीत) चढली, तर हा आकडा कोणालाच अडवत नाही. रूटला (यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला) तर तो मूळ यंत्रावरही अडवत नाही. पासफ्रेजने फाइलमधली किल्लीच कूटबद्ध होत असल्यामुळे प्रत कोठेही गेली तरी संरक्षण तिच्यासोबत जाते. किल्ली साठवण्याच्या जुन्या पेम स्वरूपात हे संरक्षण तकलादू होते, कारण तेथे पासफ्रेजवर एमडी५ या झटपट होणाऱ्या हॅश-गणिताची जेमतेम एक फेरी होत असे आणि अंदाज झपाट्याने ताडून पाहता येत. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरने २०१४ साली ६.५ आवृत्तीत बीक्रिप्ट या मुद्दाम संथ ठेवलेल्या गणितावर आधारलेले स्वरूप आणले आणि २०१८ च्या ७.८ पासून नव्या किल्ल्या आपोआप त्याच स्वरूपात लिहिल्या जाऊ लागल्या. जुनी किल्ली ‘एसएसएच-कीजेन -पी’ने नव्या स्वरूपात आणता येते; सर्व्हरवर काहीही बदलावे लागत नाही.

दर वेळी टाइप करण्याची तक्रार एसएसएच-एजंट (उघडलेली किल्ली स्मृतीत सांभाळणारा प्रोग्रॅम) न वापरणाऱ्यांची आहे. ‘एसएसएच-ॲड -टी’ने मुदत ठरवून दिली की तेवढा वेळ किल्ली स्मृतीत उघडी राहते. एजंट पुढच्या सर्व्हरवर फॉरवर्ड करणे मात्र टाळावे, कारण तेथील रूट त्याचा वापर करू शकतो. मधला सर्व्हर ओलांडण्यासाठी एसएसएचमध्येच प्रॉक्सीजंप ही सोय आहे.

चोराबद्दलचा मुद्दा अर्धाच खरा आहे. कळफलकावर नजर ठेवणाऱ्यापुढे पासफ्रेज टिकत नाही, हे मान्य. पण एखाद्या प्रोग्रॅममधील त्रुटीतून केवळ फाइल वाचता आलेल्याच्या हाती कूटबद्ध मजकूरच लागतो.

क्रॉनची अडचण खरी आहे, परंतु तिच्यासाठी स्वतःची किल्ली उघडी ठेवण्याचे कारण नाही. त्या कामापुरती वेगळी, बिनपासफ्रेजची किल्ली करावी आणि ऑथोराइज्ड-कीजमधल्या (सर्व्हरवरच्या, मान्य किल्ल्यांच्या यादीतल्या) तिच्या ओळीत ‘रिस्ट्रिक्ट’, ‘कमांड’ व ‘फ्रॉम’ हे पर्याय लिहून तिला एकाच आज्ञेपुरते आणि ठरावीक पत्त्यापुरते बांधावे. अशी किल्ली फुटल्यास ती ओळ प्रत्येक सर्व्हरवरून काढावी. पासफ्रेज असलेल्या किल्लीची प्रत बाहेर गेल्यावरही हेच करावे लागते, कारण आपण पासफ्रेज बदलला तरी ती प्रत जुन्याच पासफ्रेजने उघडते.